लेकीच्या तेजोमेघाचं गालबोट

चूक माझीच होती, हे आधीच लिहून टाकतो. लेकीच्या चित्राला मी तिला न विचारता हात लावला. पुढचं तुम्हाला खरं वाटो न वाटो, एवढं मात्र शंभर टक्के खरं आहे.

या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचून मी हसायचो, हेही कबूल करतो. ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. पार्टवर ओरखडा, डाग, बारीकसा खड्डा दिसला की लाल टॅग लावायचा... आयुष्य त्यातच गेलं. ज्याचं माप घेता येत नाही, ते माझ्या लेखी नव्हतंच.

मूळ गाव चांदवडजवळ, राहायला नाशिकला सिडकोत. घरात मी आणि मुलगी मयूरी. तिची आई, सुनंदा, करोनात गेली.

मयूरी ग्राफिक्स टॅबलेटवर अंतराळाची चित्रं काढते. म्हणजे पाटीसारख्या चपट्या वस्तूवर पेन फिरवायचं आणि रंग कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटायचे. आधी सगळा पडदा काळा. मग धुळीचे ढग, एकावर एक पातळ थर. तारे शेवटी. वाफ्यात कांद्याचं बी फोकतात ना, तसे ती मनगटाच्या झटक्याने टाकते – कुठे दाट, कुठे विरळ. मी चहाचा कप घेऊन मागे उभा राहायचो. तिचा नियम एकच. "पप्पा, बघा कितीही. फक्त सेव्ह करू नका."

एका प्रदर्शनासाठी तिचा गुलाबी तेजोमेघ निवडला गेला. मोठी प्रिंट काढायची होती. ती कॉलेजला गेली, पेन ड्राइव्ह दुकानात पोचवायचं काम माझ्याकडे आलं. निघण्याआधी म्हटलं, एकदा नजरेखालून घालू. फाईल उघडली, मोठी करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासली. काम असं की बघत राहावं... आणि ढग सगळ्यात उजळ होता तिथेच एक काळा ठिपका. तारा नाही, ग्रह नाही. डाग.

पेन चुकून टेकलं असेल, लोक नेमकं तिथेच बोट ठेवतील, असं वाटलं. तिचंच पेन घेतलं, शेजारचा गुलाबी रंग ठिपक्यावर फिरवला आणि सेव्ह केलं. वर अभिमान वाटला – लेकीचं काम मी पास केलं.

प्रिंटवाल्या अन्सारभाईंनी फाईल उघडली तेव्हा पुन्हा पाहिलं. स्वच्छ.

प्रिंट फ्रेम होऊन थेट प्रदर्शनाच्या हॉलवर गेली. उद्घाटनाला कारखान्यातल्या मित्रांना घेऊन गेलो. सगळ्यात जास्त गर्दी मयूरीच्या चित्रासमोर. आमचा निकम म्हणाला, "हे तुझ्या पोरीनं काढलंय? तुला तर सरळ रेघ मारता येत नाही." सगळे हसले, माझी छाती फुगली... आणि मग तो दिसला. काळा ठिपका. त्याच जागी.

मयूरी एका बाईंना सांगत होती, "ते मुद्दाम आहे, मावशी. गालबोट. दृष्ट लागू नये म्हणून. आई मला रोज लावायची."

गालबोट लागलं म्हणजे चांगल्यात काहीतरी बिघडलं, एवढाच अर्थ मी आजवर धरून बसलो होतो. तान्ह्या मयूरीच्या गालावर सुनंदा काजळाची तीट लावायची आणि मी रुमालाने पुसायचो. चांगल्या चेहऱ्यावर डाग कशाला, म्हणायचो. ती पुन्हा लावायची.

मी चित्राजवळ गेलो. मी पुसलेला ठिपका ब्रशचा होता – गोल, कडा गुळगुळीत. हा जरा लांबट, एका बाजूला फिका. बोटाने टेकवल्यासारखा.

तसाच तडक अन्सारभाईंकडे गेलो. त्यांनी तीच फाईल उघडून दाखवली, ठिपका नव्हता. शाई सांडली का, विचारलं. ते म्हणाले, "साहेब, फ्रेममध्ये घालताना प्रिंट मी माझ्या हाताने पुसून घेतली. काहीच नव्हतं तिच्यावर."

गप्प बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं. पण लेक येईल त्याला कौतुकाने आईचं गालबोट दाखवत होती, आणि मला तिच्या नजरेला नजर देता येईना. संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर सगळं सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "सेव्ह केलंत?" एवढंच विचारलं.

"हो."

तिने काचेला नाक लावून ठिपका नीट पाहिला. मग वळून म्हणाली, "पप्पा, हा माझा नाही. मी काढलेला असा नव्हता. कुणी लावला मग?"

जे माहीत होतं तेवढंच बोललो.

"कुणी लावला ते माहीत नाही, बेटा. पुसला मात्र मी. तू काढलेलाही, आणि तू लहान असताना आई लावायची तोही. माझं चुकलं. तुम्हा दोघींची माफी मागतो."