मी सहा कोर्टं गप्प केली

कॉलेजच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं मी एकच काम मन लावून केलं, मुलांना गप्प बसवण्याचं. पुस्तकं देणं-घेणं, रजिस्टर, धूळ झटकणं हे आपलं जोडीला. माझा "शूऽऽ" वाचनकक्षाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. पोरं माझ्यामागे मला शूमॅडम म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, थोडं आवडतंही.

माझी भाची आमच्याकडे राहून इथंच शिकते. कॉलेजच्या टेनिस संघात ती सहाव्या क्रमांकावर, म्हणजे शेवटची. अंतिम सामना आपल्याच मैदानावर होता, म्हणून मी येते म्हटलं, तर वेणी घालता घालता म्हणाली, "ये, पण ओठ हलवू नकोस."

"मी कुठं हलवते?"

"नामस्मरण करतेस ते. परीक्षेलाही दारात उभी होतीस. तुझे ओठ हलताना दिसले की वाटतं, आता आपलं काही खरं नाही."

मला जरा लागलं. पण कबूल केलं.

टेनिस मी टीव्हीवर पाहिलेलं. माझा आवडता खेळ, कारण प्रेक्षक गप्प बसतात. इथं येऊन बघते तर ओळीनं सहा कोर्टं, सहाही ठिकाणी एकदम खेळ चाललेला, आणि कडेला आपली पोरं रिकामे डबे बडवत नावं घेऊन ओरडताहेत. खेळणारी मुलगीसुद्धा दोन फटक्यांच्या मधे शेजारच्या कोर्टावरच्या मैत्रिणीला हाक मारून धीर देत होती. बघायचं कुठं तेच कळेना.

आकड्यांच्या पाट्या लावणारे मैदानावरचे काका शेजारीच होते. ते म्हणाले, "बाई, जोडीच्या सगळ्या सामन्यांचा मिळून एक गुण, तो आपण सकाळीच घेतलाय. आता एकेकटीचे सहा. सातातले चार ज्यांचे आधी होतील, ते जिंकले. एकाच कोर्टाला डोळे लावून बसू नका."

मी मान डोलावली आणि भाचीच्या कोर्टाला डोळे लावून बसले.

थोड्या वेळात एक आणि तीन नंबरच्या मुली जिंकल्या. काकांनी पाटी लावली, तीन-शून्य. आणखी एकच गुण हवा होता. सहा नंबरवर भाचीनं सर्व्हिस करायला चेंडू वर उडवला आणि नेमका माझ्या मागे एकानं डबा बडवला.

मी उठले, वळले, बोट वर केलं. "शूऽऽ."

चाळीस पोरं खाली बसली. डबे मांडीखाली गेले. सहाही कोर्टांच्या कडेला आपल्या बाजूला चिडीचूप. मला वाटलं, काय शिस्त आहे आपल्या कॉलेजला, आणि पदर सारखा करून मी खाली बसले.

समोरच्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्यासारखं कुणी नसावं. त्यांच्या पोरांचा आवाज चढतच गेला. आपला चार नंबर गेला, मागोमाग पाच. तीन-दोन. भाची शेवटच्या सेटमध्ये दोन-पाच अशी मागे. माझे ओठ कधी हलायला लागले ते मलाच कळलं नाही.

पाटी बदलून काका आले. "बाई, तुम्ही बसवलंत, आता तुम्हीच उठवा. दुसऱ्या कुणाच्या बापाचं ऐकायची नाहीत ती."

"मग इथंच ओरडते, भाचीसाठी."

"इथं गाडं रुतलंय. दोन नंबरवर शेवटच्या सेटमध्ये पाच-पाच अशी बरोबरी आहे, तिथं जा. एकच गुण हवाय."

दोन नंबरवर होती रेडिओ. हे नाव मीच मनातल्या मनात ठेवलेलं. बोलते म्हणून या वर्षात चार वेळा मी तिला वाचनकक्षाबाहेर काढली होती. आता सख्खी भाची हरत असताना तिला सोडून मी रेडिओसाठी ओरडायचं. भाचीकडे पाहिलं, तर तीही माझ्याकडेच पाहत होती. देवाला म्हटलं, हिच्याकडे तू बघ बाबा, आणि पाठ फिरवली.

दोन नंबरच्या जाळीशी पोचले, तर तोंडातून शब्द फुटेना. सवयच नाही ना. शेवटी आलं ते असं, "सर्वांना बोलायची परवानगी आहे." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मी एकाच्या मांडीखालचा डबा ओढून घेतला आणि बडवला. "बोल गं रेडिओ," असंही ओरडले म्हणे. मला आठवत नाही, काका सांगतात.

रेडिओनं वळून पाहिलं, आधी घाबरली, मग हसली. त्यानंतर जो गलका उठला, त्यात सगळ्यांत पुढे मी. पुढच्या प्रत्येक गुणाला चाळीस पोरं आणि एक ग्रंथालयवाली बाई एकदम उड्या मारत होती. तिनं ओळीनं दोन गेम घेतले. पाटी लागली, चार-दोन.

तेव्हा भाची आठवली. पळतच गेले. ती रॅकेट पिशवीत घालत होती.

"अगं, तुझा खेळ?"

"थांबवला. चार झाले की उरलेले तिथंच सोडतात."

"मग तू जिंकलीस की हरलीस?"

"आपण जिंकलो की."

"मी तुला टाकून गेले गं. मला काही..."

"मावशी, तू गेलीस तेव्हा किती होतं?"

"दोन-पाच."

तिनं आपल्या कोर्टाच्या पाटीकडे बोट केलं. चार-पाच.

"ओठ दिसेनासे झाले," ती म्हणाली, "आणि हात मोकळा झाला."

सोमवारी कामावर गेले तर घसा पार बसलेला. वाचनकक्षात रेडिओ टेबलाला टेकून सगळ्यांना सामना रंगवून सांगत होती. मी बोट वर केलं, नुसती हवा आली. मग पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात "शांतता राखा" असं लिहून तिच्यासमोर धरलं.

तिनं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.