सात्यांची चव

लग्नात बाकीच्या मुली भांडी आणतात, मी कॉलेजातून मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक आणला. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा सुमार. आलापल्लीला सागवानाच्या डेपोत नवऱ्याची नोकरी होती. सासूबाईंनी ते धूड ठेवायला फडताळात जागा दिली नाही.

सासूबाई माळकरी. मांस-मासळी वर्ज्य. मात्र पावसाळ्यात वारुळांवर सात्या निघाल्या की त्यांना दुसरं काही सुचत नसे. या अळंब्या त्या स्वतःच निवडायच्या, स्वतःच रांधायच्या. एका वर्षी शेजारीण टोपलीत डोकावून म्हणाली, "माळ घालता अन् सात्या खाता? मटनासारख्या लागतेत वो त्या."

ते त्यांच्या जिव्हारी लागलं. मला हाक मारून म्हणाल्या, "सूनबाई, तुह्या त्या काचेत पाह्य. ही भाजीच हाये ना? पण मले बरं वाटावं म्हणून सांगू नोको."

मी बटाट्याच्या फोडीवर टिंक्चर आयोडीन टाकलं. ती काळीनिळी झाली. भाताचं शीतही तसंच. सात्या मात्र नुसत्या तांबूस झाल्या, म्हणजे स्टार्च नाही. पातळ काप भिंगाखाली धरला तर एकमेकींत गुंतलेल्या बारीक नळ्या, मधूनमधून आडवे पडदे. नळ्यांना भिंत होती. ती कशाची, ते भिंगात दिसत नाही, पण मी शिकले होते. झाडाची भिंत सेल्युलोजची, बुरशीची कायटिनची. खेकड्याच्या कवचात असतं तेच कायटिन.

आमच्या पुस्तकांत तेव्हा बुरशी वनस्पतींतच धरत. तेवढंच सांगून मोकळी झाले असते. पण अर्धवट सांगणं माझ्या स्वभावात नाही. सगळं सांगितलं.

"खेकड्याच्या कवचातलं?" त्यांनी विचारलं. "मंग नाई खात."

"बाई, सात्या म्हणजे काही प्राणी नाही!"

"राहू दे."

त्यांनी सात्या सोडल्या. मला राग आला, त्यांचा, शेजारणीचा, खेकड्याचासुद्धा. रडूही आलं. तरी पुन्हा विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं.

घरात सात्या येतच राहिल्या. निवडायच्या सासूबाईच, रांधायच्याही त्याच. फक्त मीठ बघायचं काम माझ्याकडे आलं. मी जेवायला बसले की त्या समोर येऊन बसायच्या.

"कशी झाली वं?"

तशी भाजी मी पुन्हा कुठेच खाल्ली नाही.

"यंदा काही खास नाही, बाई," मी म्हणायची. दरवर्षी.