साडूंचं जग, ‘क’ पासून ‘ल’ पर्यंत

ज्या देशाचं निदान एक तरी गाणं माझ्या थोरल्या साडूंनी आष्टीतल्या घरी खुर्चीवर बसून ऐकलेलं नाही, असा देश पृथ्वीच्या पाठीवर आता उरलेला नसावा. हे मी कौतुकानं सांगत नाही, कारण त्यातली निम्मी गाणी मलाही ऐकावी लागली आहेत. तीही अक्षरवार. ‘क’ चालू असेल तर साऱ्या जगाची ‘क’ ची गाणी. मध्येच ‘ख’ चं कितीही गोड गाणं आलं तरी त्यानं आपला नंबर येईपर्यंत बाहेर थांबायचं.

हा नोकरीचा परिणाम. वर्ध्याला एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं पेशंटच्या फायली सांभाळल्या. सगळ्या फायली नावाच्या पहिल्या अक्षरानं लावलेल्या. “पहिलं अक्षर चुकलं का मानूस हरवला समजा,” हे त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या काळात एकही माणूस हरवला नाही म्हणतात. रिटायर होऊन ते आष्टीला परतले तेव्हा फायली तिकडेच राहिल्या, पण सवय सामानासोबत टेम्पोत बसून आली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघर लावायला घेतलं. मीठ, मिरची, मोहरी, मेथीदाणे आणि मच्छर अगरबत्ती एका फळीवर. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, तिला आम्ही ताई म्हणतो. ताई एरवी कोणाला दुखवणार नाही, पण त्या दिवशी वरणाच्या फोडणीला मोहरी म्हणून फळीवर हात घातला आणि भलतंच काहीतरी हाती आलं, तेव्हा तिनं त्यांना ओट्यापासून उठवलं. “घरातलं मी पाह्यतो, तुमी बाहेर काय लावाचं थे लावा,” ती म्हणाली. बाहेर म्हणजे किती बाहेर, हे तिनं सांगितलं नव्हतं.

लेकीनं घेऊन दिलेल्या मोबाइलवर एकदा ते भजन शोधत होते. एक अक्षर दाबलं तर भजनाच्या खाली कुठल्याशा परदेशातलं, त्याच अक्षराचं गाणं आलं. साडूंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण पहिलं अक्षर बरोबर होतं, म्हणजे ते योग्य जागी आलेलं होतं, आणि योग्य जागी आलेल्या गोष्टीला हाकलून देणं त्यांच्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी वही आली. एका अक्षराला वीस देश, प्रत्येक देशाचं एक गाणं, मग पुढचं अक्षर, असा नियम ठरला. लिपी अनोळखी असेल तर गाण्याचं नाव मोबाइलकडून तीनदा वदवून घ्यायचं आणि कानाला जे अक्षर पटेल ते धरायचं. वहीत नाव, देश आणि तिसऱ्या रकान्यात, जुन्या हातसवयीनं, तक्रार.

“भाऊजी, गाण्याला कसली आली तक्रार?” मी विचारलं.

“काही दुखल्याबिगर कोन गाते, साडभाऊ?”

मी वही चाळली. फिनलंडच्या एका गाण्यापुढं लिहिलं होतं, ‘घर लांब आहे’. ब्राझीलच्या पुढं, ‘विशेष काही नाही, नाचावंसं वाटते’. मंगोलियाच्या पुढं, ‘घशाचं दिसते’.

त्यांचं ‘त’ चालू असताना तळेगावात आमच्या पुतण्याचं लग्न निघालं. साडूंनी बँडवाल्याला बाजूला घेऊन तुर्कस्तानचं एक गाणं ऐकवलं. मला वाटलं, आता शोभा होणार. बँडवाल्यानं दोनदा ऐकलं आणि वाजवून टाकलं. वरातीत कोणाला काही वेगळं जाणवलं नाही; नवरदेवाचा मामा तर त्याच गाण्यावर सगळ्यांत जास्त नाचला. “पाह्यलं? तुर्कस्तान काही लांब नाई,” साडू मला म्हणाले, आणि फेटा सावरून पुन्हा वरातीत शिरले.

त्या सुमारास मोबाइलचा आवाज वाढू लागला. आधी शेजारी, मग समोरचे, मग कोपऱ्यावरचा पीठगिरणीवाला सांगायला आला. आवाज कमी करा म्हटलं की साडू म्हणत, “कमीच तं हाय.” ताईनं शेवटी त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डावा कान गेलेलाच होता, उजवा वर्ष-दोन वर्षांचा सोबती होता. साडूंनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. “‘ज्ञ’ लोक पोचन का मी?” ‘ज्ञ’ पर्यंत पोचणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना काय कळणार?

घरी आल्यावर साडूंनी दुपारची झोप बंद केली आणि विसाचे दहा देश केले. तीस वर्षांत ज्यानं एक फाईल इकडची तिकडं केली नाही, त्यानं स्वतःचाच नियम मोडला, तेव्हा मी थट्टा करणं सोडलं. सकाळी दोन देश, दुपारी एक, अशी त्यांची घाई चालली. गल्लीही सुधारली. दूधवाला न कळणारं काहीतरी गुणगुणत जाई आणि गिरणीवाला पट्टा चढवता चढवता विचारी, “काकाजी, आज कोनता देश?” ‘भ’ संपला, ‘म’ संपला. ‘र’ ला साडू नुसता उजवा कान स्पीकरला टेकवून बसत.

मागच्या महिन्यात मी आष्टीच्या बाजाराला गेलो होतो. वांगी-संत्र्यांची पिशवी घेऊन त्यांच्याकडं टेकलो. कानात नवी मशीन होती. समोर बसून मोठ्यानं बोललं तर त्यांना कळत होतं, पण गाणं म्हणे मशीनमधून डबा घासल्यावानी येते. ‘ल’ ची पाच झाली होती. सहावं, आइसलंडचं, लावून त्यांनी मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

“तुमी ऐका अन् मले सांगा.”

मी थोडं ऐकलं आणि ओरडलो, “छान आहे!”

“छान म्हंजे काय? नीट ऐकून सांगा ना.”

इतक्या वर्षांत मी त्यांचं एकही गाणं मन लावून ऐकलं नव्हतं, याची मला तिथं बसून लाज वाटली. मी ते पुन्हा लावलं. “एक बाई आहे,” मी सांगू लागलो. “सावकाश गाते. वाजवणारा एकच आहे. तेच तेच म्हणते, कोणाला तरी लांबून हाक मारल्यासारखं.”

साडूंनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते, म्हणजे मला ऐकत होते. तसेच डोळे मिटून त्यांनी विचारलं, “मंग येते का थो?”

मी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. बाईचा आवाज बारीक होत गेला, वाजवणाराही थांबला. दुसरा आवाज काही आला नाही.

“येतो,” मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणालो. “शेवटी येतो.”

त्यांनी मान हलवली, वहीत तसं लिहून घेतलं, आणि आम्ही सातवं गाणं लावलं.