सुतळीचं दुसरं टोक

नवऱ्याशी भांडतानाही भूमितीची सिद्धता मांडणारी बाई अख्ख्या नाशकात एकच होती, आणि ती माझ्या घरात होती. शेवटच्या संध्याकाळीही आमचं नेहमीचंच चाललं होतं. अंगणात सुतळीचं एक टोक मी बोटाने दाबून बसलो, दुसरं टोक धरून तिने रांगोळीचं वर्तुळ काढलं. "हलू नका हो, तुम्ही कंपासचं टोक आहात!" मग माझ्या बोटाखालची खूण तिने पायाने पुसली. "आता केंद्र शोधा. सकाळपर्यंत वेळ."

"तिसरीत शाळा सोडली गं मी."

"मी सातवीत. रडत बसले का?"

आठवीत भूमिती लागायची, त्याच वर्षी तिच्या निफाडच्या बापाने तिला माझ्या गळ्यात बांधली. पुढे आमची पोरगी आठवीत गेली, तेव्हा ही तिच्या शेजारी पुस्तकाला चिकटली. पोरगी परीक्षेपुरतं शिकली, हिला जन्माचं खूळ लागलं. भाकरी मोडायची ती काटकोनात. शेजाऱ्याची नवी भिंत कंपासपेटीतला गुण्या लावून तपासली आणि वाकडी ठरवली. गवंडी म्हणाला, "काकू, गुण्याचा कोपरा तुटलाय." भिंत सरळ होती. तरी आठवडाभर त्या भिंतीकडे संशयाने बघायची. आणि मी बाजारातून आलो की सुरू, "पक्ष: तुम्ही भाजीला गेलात. साध्य: कोथिंबीर विसरलात. सिद्धता: ही पिशवी." मी चहा मागायचो.

केंद्र शोधायची रीत मात्र तिने मला शंभरदा सांगितली. आत कडेपासून कडेपर्यंत दोन रेघा मारायच्या, प्रत्येकीच्या मधोमध काटकोनात दुसरी रेघ काढायची, त्या दोन भेटतील तिथे केंद्र. "वर्तुळ अर्धं पुसलं तरी सापडतं," म्हणायची. मी जांभई द्यायचो.

त्याच दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. माणसं जमली, रात्रीच सगळं उरकलं.

सकाळी पोरगी केरसुणी घेऊन अंगणात आली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी अर्धं वर्तुळ गेलं होतं. "बाबा, झाडू का?"

"थांब. तो तुटका गुण्या आण."

उरलेल्या कडेवर दोन रेघा मारल्या. सुतळी दुमडून त्यांचे मध्य काढले. तुटका कोपरा सोडून गुण्याच्या दोन धड कडांनी काटकोन धरले. गुडघे बोंबलत होते. दोन रेघा भेटल्या, तिथे मी बोट दाबलं आणि सुतळी ताणायला दुसरं टोक पुढे केलं. हात तसाच राहिला.

हललो नाही मी.