बांधावरचं बोलणं

कान्हा म्हात्रे मला पहिल्यांदा दिसले ते आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बसलेले. साल १९९६. खारघरला तेव्हा इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या आणि मी तळमजल्यावर राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. भर दुपारी, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मांडीशी फावडं टेकवून बसलेला सत्तरीचा माणूस, आणि शेजारी त्याच्याच वयाचा, त्याच्याच नाकाचा दुसरा. दोघे मनापासून गप्पा मारत होते, मधूनच हसत होते. मग खाली उतरले. एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिलं, ‘मागे दोन म्हातारे, फावडं, काम काही केलं नाही.’ पंधरवड्याने तेच वाक्य पुन्हा लिहावं लागलं.

कान्हांची नीट ओळख झाली ती माठाच्या जुडीमुळे. भात पिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस, पण शेती गेल्यावर नाल्याकडेच्या उरल्यासुरल्या तुकड्यात माठ आणि मुळा लावी आणि सकाळी टोपली घेऊन दारात येई. बोलायला मोकळा. माझ्या लेकीचं नाव, ती पुण्यात कुठे राहते, सगळं त्यांच्या लक्षात असे. दुसरे म्हातारे जोमा. त्यांची बायको जाईबाई मला खाडीतले बोईट मासे आणि कोळंबी देई. एके दिवशी ती तिचा कोयता माझ्या ओट्यावर विसरून गेली. दुसऱ्या सकाळी कान्हा आले तेव्हा मी तो त्यांच्या हातात ठेवला.

“एवढा जोमांच्या घरी द्याल का?”

“कोन जोमा?”

“अहो, परवा भिंतीवर तुमच्या शेजारी बसले होते ते.”

“माज्या शेजारी कोन नव्हता,” असं म्हणून त्यांनी कोयता पायरीवर ठेवला आणि मुळ्याच्या जुड्या मोजायला लागले.

माझा गोंधळ उडाला. वयामुळे विसरत असतील म्हणावं, तर लगेच त्यांनी पुण्याच्या लेकीची चौकशी केली. जाईबाई आली तेव्हा मी काळजीने तिला सांगितलं की कान्हांना कुणा डॉक्टरला दाखवायला हवं. ती टोपलीवर हात ठेवून इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले.

“बाय, सक्का भाव हाय तो ह्यांचा! वीस वर्सं बोलत नाय. बापाच्या शेताच्या वाटनीव भांडले. आता त्या शेताव बँक हाय न पिठाची गिरन हाय. शेत गेला, भांडन रायला.”

“पण मी स्वतः त्यांना बोलताना पाहिलंय.”

“ते बांधाव. बांधाव बोलतान.”

“कुठला बांध? तिथे तर सोसायटीची भिंत आहे.”

“भिंत बांधाव हाय ना, बाय,” ती म्हणाली, आणि कोळंबी सोलायला लागली.

तिच्याकडून थोडंथोडं करून जे कळलं ते असं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं आणि दोघांच्या मध्ये चिखलाचा एक बांध. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, ती इकडे दुपारी. तेव्हा बांधाला कुठे खांड पडली तर खारं पाणी आत शिरतं आणि पुढे दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून उधाणाला प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन बांधावर हजर राहायचा, आणि तिथे भांडण चालायचं नाही. पाणी शिरलं तर ते दोघांच्याही शेतात शिरणार. त्यामुळे जन्माचे वैरीसुद्धा बांधावर बोलायचे आणि खाली उतरले की पुन्हा वैरी. पुढे भराव पडला, बांध गाडला गेला, त्याच्या रेषेत आमची भिंत आली. बाकीच्यांनी यायचं सोडलं. हे दोघे येत राहिले.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत नन आमच्याकडून नकाशे काढून घेत. समुद्र निळा, जमीन हिरवी, मध्ये काळ्या पेन्सिलीची बारीक रेघ. त्या रेघेवर माणसं उभी राहत असतील, हे मला कधी सुचलं नव्हतं. आणि आता सुचूनही नीट समजत नव्हतं. पाणी अडवायचं राहिलं नाही, मग हे दोघे तिथे काय अडवत होते?

माघात सोसायटीच्या पंपाची मोटार चोरीला गेली. चेअरमन दिनानाथ यांनी मागच्या भिंतीवर काचा लावून घेतल्या. मी म्हटलं, तिथे दोन वृद्ध बसतात. ते म्हणाले, “काकू, बसायला गार्डन होतंय की सेक्टरमध्ये. उगाच टेन्शन घेऊ नका.” पौर्णिमेला कान्हा आणि जोमा आले, काचा पाहिल्या, भिंतीखाली हातभर अंतरावर उभे राहिले, आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जाईबाईने माशांची टोपली उतरवलीच नाही. वैशाखात तिच्या मुलीचं, प्रेमलाचं लग्न होतं.

“पयली हलद मोठ्या काकानं लावाची. काका बोलावल्याबिगर येनार नाय, न बोलवाचा तो भावाच्या तोंडानं. आता ह्यो बोलवील कुठं? काचंव बसून?”

“मी जाऊन सांगते की कान्हांना.”

“तुमी सांगून चालला असता तर मीच सांगितला नसता?”

तरी मी माझ्या समजुतीने एक उपाय केला. पुढच्या अमावास्येला दुपारी दोघांनाही एकमेकांना नकळत चहाला बोलावलं. आले. जोमा पंख्याकडे पाहत बसले, कान्हा कॅलेंडरकडे. मी खाडीचं विचारलं, दोघांनी मला उत्तर दिलं, एकमेकांना नाही. बिस्किटं संपली. मला वाटलं, मी भलताच आगाऊपणा केला.

कान्हा कप विसळायला आत गेले. बराच वेळ परत येईनात म्हणून मी डोकावले, तर ते मागच्या गॅलरीत, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभे. कठड्यावरून वाकून आधी नाल्याकडच्या जुन्या उघाडीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचे, दगडी खांब पाहिले, मग उलट बाजूचं गावदेवीचं देऊळ. दोन्ही एका रेषेत धरावेत तसे अर्धं पाऊल सरकले. आणि मोठ्याने हाक मारली,

“जोमा, पानी चढतंय रं!”

जोमा चहा तसाच टाकून उठले आणि माझ्या स्वयंपाकघरातून जवळजवळ धावत गॅलरीत गेले.

“पोरीचा लगीन हाय,” ते धापा टाकत म्हणाले. “हलद तुजी.”

“मांडव कोन घालतो?”

“पनवेलचा.”

“तो चोर हाय. तुला आक्कल कंदी येनार?”

मग दोघे अर्धा तास मांडवावरून भांडले, हसले, बापाची कसलीशी आठवण काढली. पुढच्या खोलीत आले ते पुन्हा अनोळखी होऊन.

कान्हा पायऱ्या उतरताना मी विचारलं, “बांध तर भिंतीखाली होता ना? माझी गॅलरी तिथून बरीच आत आहे.”

“बांध काय सरल असतो, बाय? पानी नेल तसा जातो.”

ते खरं की सोय, हे मला ठरवता आलेलं नाही. लग्नाला मी गेले होते. पहिली हळद कान्हांनी लावली, भावाकडे पाठ करून. जाईबाई प्रसन्न होती. याला समेट म्हणायचं का, ते मला कळलं नाही, आणि तिला विचारावंसंही वाटलं नाही.

तेव्हापासून अमावास्या-पौर्णिमेला दुपारी माझी बेल दोनदा वाजते. मी आधीच गॅलरीतले वाळत घातलेले कपडे काढून ठेवते. दिनानाथांनी जिन्यापाशी विचारलं, “काकू, हे कोण येतात?” मी म्हटलं, गावातले, आणि घरात आले.

मागच्या आठवड्यात लेकीचा फोन आला, पुण्याला ये म्हणून. मी हो म्हटलं, कॅलेंडर पाहिलं, आणि म्हटलं की नको, त्या दिवशी जमणार नाही.

“का? काय आहे त्या दिवशी?”



“उधाण आहे,” मी म्हटलं.