मामांचा शर्ट आणि माझी बोटं

माझ्या बायकोच्या मामांइतका वजनाला पक्का माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्याच माणसाला मी सलग सहा आठवडे वजनातच फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा मामांच्या गमती सांगायला लागलो की स्वतःचा भाग गाळायचा मोह मला होईल.

मामांची तारापूरकडे, समुद्राच्या अंगाला वाडी आहे. नारळ, केळी, थोडी भाजी. भाजी तोलताना पारडं गिऱ्हाइकाकडे झुकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. साठीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी बोईसरच्या एका जिममध्ये नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या वजनाच्या प्लेटा दोन-दोन करून स्कूटरवरून वाडीवर नेल्या, आपल्या काट्यावर तोलल्या आणि वीस किलोच्या एका प्लेटवर खडूनं ‘१९.४’ लिहून परत आणली. जिमचा मालक म्हणाला, “मामा, सहाशे ग्रॅमनं काय फरक पडतो?” मामा म्हणाले, “गिऱ्हाइकाला कळत नाय तोवर काय फरक पडत नाय.” तेव्हापासून ती प्लेट रॉडला लावली की मामा त्या बाजूला खिळ्यांची एक पिशवी बांधतात. पिशवीत बरोबर सहाशे ग्रॅम खिळे असतात.

मामांचा खेळ म्हणजे बेंच प्रेस. बाकावर उताणं पडायचं, रॉड छातीला टेकवायचा आणि वर ढकलायचा. त्यातही त्यांचा प्रकार शर्टाचा. हा शर्ट जाड, ताठ आणि मुद्दाम दोन मापं लहान असतो. रॉड खाली येताना तो ताणला जातो आणि वर जाताना स्प्रिंगसारखा जोर देतो. गंमत अशी की वजन कमी असलं तर शर्ट रॉडला छातीपर्यंत येऊच देत नाही. शंभर किलो घेऊन मामा नुसते हवेत अडकून राहतात. तो अंगात चढवायला दोन माणसं आणि पंधरा मिनिटं लागतात. बाही सरकावी म्हणून मामा हातांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवतात, मग मी एका बाजूनं ओढतो आणि कारखान्यातून सुटून आलेला कुणीतरी दुसऱ्या बाजूनं. एकदा असाच एक भय्या घाम पुसत म्हणाला, “चाचा, एक साइज बड़ा ले लो ना.” मामा गुदमरल्या आवाजात म्हणाले, “बड़ा लिया तो आराम मिलेगा, बेटा. आराम के लिए घर में बनियान है.”

शर्ट एकदा चढला की हात खाली येत नाहीत. दोन्ही हात पुढे धरून मामा झोपेत चालल्यासारखे हिंडतात. एकदा त्यांनी तो घरीच घालून पाहिला आणि नेमके तेव्हाच कुणी दूरचे पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन दारात आले. त्यांना वाटलं, मामा भेटीला हात पसरून उभे आहेत. ते भारावून येऊन बिलगले. मामांना हात मिटता येईनात आणि पाहुण्यांना सोडवेना. शेवटी मामी बशीत चहा ओतून घेऊन आल्या आणि आधी मामांना पाजू लागल्या, तेव्हा पाहुणे घाबरून मला बाजूला घेऊन विचारू लागले, “कधीपासून झालं हे?”

आता माझा भाग. मी कारखान्यात तपासणी खात्यात आहे. माल मापात बसतो की नाही हे बघून सही करणं हा माझा धंदा. पहिली पाळी सुटली की मी जिममध्ये मामांच्या डोक्याशी उभा राहायचो, स्टँडवरून रॉड काढून द्यायचो आणि अडकला तर हात लावायचो. पालघरच्या स्पर्धेला सहा-सात आठवडे राहिले होते. एकशे तीस किलो तीनदा अडकलं. मामा उठले, उकडलेली अंडी तशीच डब्यात ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. “जावई, काल जेवले नाय हो. म्हणतात, वय झाला आता, शर्ट कुणाला तरी देऊन टाकू.”

त्या संध्याकाळी मामा आले खरे, पण रॉड वर येता येता थांबला आणि मी खालून दोन बोटं लावली. रॉड गेला. मामांनी पडल्या पडल्या विचारलं, “हात होता?” मी म्हणालो, “छे! तुमचंच होतं सगळं.” मामा वर बघत असे हसले, की त्यानंतर मला मागे फिरताच येईना. मग एकशे पस्तीस झालं, एकशे चाळीस झालं. मामा अंडी खाऊ लागले, वाडीवर गाणी म्हणू लागले. मामी मला केळ्यांच्या फण्या पाठवू लागल्या, आणि ती केळी मी कारखान्यात वाटून टाकू लागलो.

स्पर्धेत तीन संधी मिळतात. पहिलं वजन आपण सांगायचं, ते पडलं तर पुढे कमी करता येत नाही. तिन्ही पडली की खात्यावर भोपळा. सकाळी स्पर्धकांच्या अंगाचं वजन झालं तेव्हा मामांनी खुशाल पहिलं वजन एकशे चाळीस लिहून दिलं. मी ते लिहू दिलं. गट सुरू व्हायच्या आधी ते एकदा बदलता येतं. शर्ट चढवून झाला, मामा हात पुढे करून खुर्चीवर बसले आणि सभागृहात त्यांच्या गटाची हाक झाली. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “मामा, मी बोटं लावत होतो.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. हात तसेच पुढे.

“किती?”

“काय किती?”

“बोटं किती, जावई?”

“आधी दोन. शेवटच्या दोन आठवड्यांत... चार.”

मामांनी डोळे मिटले. ते चिडले असं मला वाटलं, पण ते हिशेब करत होते. “जावा,” ते म्हणाले, “एकशे तीस लिहून या. धावत जावा.”

मी धावलो. परत आलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मागे तुमीच उभे राहायचा. रॉड काढून दिला का हात पाठीमागे बांधायचे. मला दिसले पायजेत बांधलेले.” पडल्या पडल्या त्यांना ते दिसणार नव्हते, पण मी मान हलवली.

एकशे तीस गेलं. एकशे पस्तीस रडतखडत गेलं, पण गेलं. तिसऱ्याला मामांनी एकशे चाळीसच मागितलं. रॉड छातीला टेकला, पंचांनी “प्रेस!” म्हटलं, रॉड उसळला आणि छातीपासून वीतभर वर येऊन उभा राहिला. मामांचा चेहरा जांभळा झाला. पाठीमागे माझा एक हात दुसऱ्याला आवळून धरत होता. नखं रुतली. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही. रॉड थरथरला, खाली झुकला आणि दोन बाजूंच्या माणसांनी तो धरला.

मला वाटलं, आता मामा पुन्हा शर्ट देऊन टाकायचं काढणार. ते उठले ते हात पुढे करून माझ्याच दिशेनं आले. “पायला ना तुमी?” ते म्हणाले. “वीतभर वर अडकला. शर्टाचा जोर सुटतो ना, बरोबर तिथं. आता तिथला व्यायाम धरायला पायजे.” आणि मग अगदी सहज म्हणाले, “सहा आठवडे मला कळलाच नाय, मी अडकतो कुठं ते.”

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. वजन वाढवून सांगितलं हाच माझा गुन्हा, असं मी धरून चाललो होतो. पण माझी बोटं नेमकी तिथंच लागायची, आणि या माणसाला स्वतःची जी एक जागा ठाऊक व्हायला हवी होती, तीच मी मायेनं झाकून ठेवली होती.

आतल्या खोलीत शर्ट काढायला घेतला. अर्धा वर आला, मामांचं डोकं आत गेलं आणि मी थांबलो. त्यांचे डोळे दिसत नव्हते तोवर माफी मागून टाकणं सोपं होतं. आतून आवाज आला, “ओढा ना, जावई. थांबले कशाला?” मी जोर लावला. लाल झालेला चेहरा बाहेर आला, पांढरे केस उभे, कपाळावर शिवणीचा वळ. मामांनी कितीतरी वेळात पहिल्यांदाच हात खाली सोडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी माझे दोन्ही पंजे उघडे करून त्यांच्यासमोर धरले आणि म्हणालो, “मामा, माझं चुकलं. मला माफ करा.”