मऊ राहिलेले चेहरे

माणिकपूरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात सगळ्यात बारीक ब्रश एकच उरला होता आणि आम्ही दोघांनी तो एकदमच मागितला. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "डोळे रंगवायला हवाय का?"

मी हो म्हटलं.

"माणसाचे की राक्षसाचे?"

अशी माझी आणि काकांची ओळख झाली. ते भुईगावचे, चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवून निवृत्त झालेले. मी निर्मळची, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला. नाद मात्र दोघांना एकच. टेबलावर फाशांनी खेळायची भविष्यातली युद्धं, आणि त्यातले अंगठ्याएवढे अंतराळसैनिक. मी रंगवायचे. काका त्यांची मोडतोड करायचे. एकाचा हात कापून दुसऱ्याला लावायचा, आत तारेचा तुकडा घालायचा, सांधा पुट्टीने भरायचा आणि त्याच पुट्टीतून नवा चेहरा कोरायचा. त्यांच्या सैनिकांच्या उघड्या तोंडात दातसुद्धा दिसायचे. रविवारी ते चर्चमधून मिस्सा आटोपून आले की त्यांच्या घरापुढच्या ओट्यावर टेबल टाकून आमचा डाव मांडला जायचा. काकू चहा ठेवता ठेवता विचारायच्या, "आज कोण मेलं?"

गेल्या वर्षी काकांनी मला पाच सैनिक रंगवायला दिले. घरी येऊन पहिल्याच्या गालावर ब्रश टेकवला तर गाल आत गेला.

ती पुट्टी दोन पट्ट्यांची असते, निळी आणि पिवळी. दोन्ही सारख्या घेऊन मळल्या की गोळा हिरवा होतो आणि रात्रभरात दगडासारखा घट्ट होतो. हे पाचही चेहरे पिवळे होते. नुसती एकच पट्टी. नाकं खाली घसरली होती, तोंडं लांबली होती. पाचही जण एकाच गोष्टीकडे बघून घाबरल्यासारखे वाटत होते.

घाईत चुकले असतील, असं मी म्हटलं. सगळं खरवडून काढलं, नवी पुट्टी मळली, जमतील तसे चेहरे कोरले आणि रंगवून परत दिले. काकांनी भिंग लावून ते निरखले आणि खूश होऊन म्हणाले, "हात अजून बसलेला आहे ना माझा?"

"हो काका," मी म्हटलं.

पुढच्या खेपेलाही चेहरे मऊच होते. त्याच्या पुढच्या खेपेला दोघांचे हात उलटे, तळवे बाहेर. मी ते कापून सरळ केले. मग तो परिपाठच झाला. आठवडाभर मी त्यांच्या चुका दुरुस्त करायचे, आणि रविवारी ते माझं काम आपलं समजून काकूंना दाखवायचे. मध्येच ते माझ्याशी त्यांच्या घरातल्या बोलीत बोलायला लागले. आमच्या घरची बोली वेगळी, त्यामुळे मला अर्धंच कळायचं. पूर्वी माझ्याशी बोलताना ते आठवणीने भाषा बदलायचे. मी मान डोलवत राहिले. कुणाला काही बोलले नाही. बोललं की ते खरं होईल, अशी काहीतरी भीती होती.

मग मे महिन्यातला एक रविवार. उकाडा भयंकर होता. काका आत जाऊन स्टीलचे दोन पेले घेऊन आले. एक माझ्यापुढे ठेवला, "पाणी घे." तोंडाशी नेताना मला वास आला. ब्रश धुवायचं टर्पेंटाइन होतं ते. मी वर पाहिलं तर काकांचा पेला ओठांपर्यंत पोचला होता. मी टेबलावरून झेपावून त्यांच्या हातावर फटका मारला. पेला उडाला, सैनिक फरशीवर विखुरले. काका माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. मी कोण, हे आठवायचा प्रयत्न करत होते.

काकू धावत आल्या. त्यांनी वास घेतला आणि माझा पेला उचलून अंगणात ओतला. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या पाच चेहऱ्यांपासून.

त्या म्हणाल्या, "घरात ते विसरायचे ते मला दिसत होतं. गॅस चालू, नळ चालू. मुलगी म्हणत होती डॉक्टरांना दाखव. पण तुझ्याकडून सैनिक यायचे, ते किती नीट असायचे. मला वाटायचं, हात इतका चालतोय तर डोकंही ठीकच असेल."

मला त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाले. किती आधी, ते मी विचारलं नाही.

कटर, ड्रिल, रंग आता कुलपात असतात. रविवारी मी अजून जाते. काका दोन्हीकडचे सैनिक स्वतःच हलवतात, फासे न टाकता, भराभर. मधेच थांबतात आणि बागेतल्या केळींकडे टक लावून बघतात, तिकडून कुणी येत असल्यासारखं. मी विचारते, "काय आहे तिकडे?" ते बोटाने मला गप्प राहायला सांगतात.

दोनदा ते एकटेच समुद्राच्या बाजूला निघून गेले होते. तेव्हापासून फाटकाला बाहेरून कडी बसवली आहे. मी निघाले की काकू आतूनच हाक मारतात, "लावलीस का गं?" मी ती लावते, आणि एकदा ओढून बघते.